कारंज्यातल्या गिरिजाबाई

गिरिजाबाई मठपतींनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. विषय विचारला.

"गणित," मी म्हणाले.

"बरं झालं. आमच्यात मोजणारं कुणीच न्हवतं."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी गणितबाई झाले ती कायमची. शाळेत त्यांच्या लेखी भूगोलबाई होत्या, शिवणबाई होत्या, हेडबाई होत्या. नावानं हाक मारायची माणसं फक्त उदगीरला, त्यांच्या माहेरी, डाळीच्या दुकानात राहत असावीत.

लातूर नुकतं जिल्हा झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी नांदेडची. मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून तिथं गेले, तर गावात घराघरात मुलगा झाल्यासारखा आनंद. चहावाल्यानं पाटी रंगवून 'जिल्हा टी हाउस' केलं होतं, त्याच्या शेजारच्या पंक्चरवाल्यानं 'जिल्हा सायकल मार्ट'. पाणी मात्र तालुका असताना होतं तेवढंही उरलं नव्हतं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. नळ होते, पण ते वारा सोडायचे. लोक टँकरच्या वारांवर जगत होते, आणि आमच्या भागाचा वार होता रविवार.

गिरिजाबाई गायन शिकवायच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. साडीला खळ इतकी, की बाई वळल्या तरी साडी जरा वेळानं वळायची. त्या व्हायोलिन वाजवत. बिदरकडच्या मामांकडं राहून शिकलेल्या, म्हणून जमिनीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवायच्या. प्रार्थनेच्या वेळी मुलींना दिसाव्यात म्हणून शिपाई मैदानात टेबल आणून ठेवी आणि बाई त्यावर चढून मांडी घालत.

लग्न झालं होतं, पण नांदल्या नव्हत्या. त्याविषयी मी त्यांच्याकडून एकच वाक्य ऐकलं. "त्यांना घरात आवाज चालत न्हवता." मग थोडं थांबून, "माझा."

त्यांचा एक नियम होता. सुरू केलं की संपवायचं. मध्येच थांबणं म्हणजे त्यांना अर्धी भाकरी टाकून ताटावरून उठण्यासारखं वाटे. एकदा प्रार्थना चालू असताना फाटकातून एक मोकाट बैल आत शिरला. मुली किंचाळत वर्गात पळाल्या, मागोमाग आम्ही शिक्षिका पळालो, हेडबाई तर कपाटामागं गेल्या. बाई टेबलावर बसून वाजवत राहिल्या. बैल टेबलापर्यंत आला, उभा राहिला, कान हलवले. प्रार्थना संपली तेव्हा मैदानात दोघंच होते. बाई खाली उतरल्या आणि आमच्याकडं बघून म्हणाल्या, "आज हजेरीत एकच नाव लिहा. त्यो शेवटपर्यंत थांबला."

दुसरी गोष्ट त्यांच्या कानाची. आम्ही दोघी एकाच घरात भाड्यानं राहायचो. मी मोरीत पिंपाच्या तोटीखाली कळशी भरायला लावली की बाई आतल्या खोलीतून ओरडायच्या, "गणितबाई, पंचमावर आली! बंद कर!" पाणी चढतं तसा आवाजही चढतो, एवढं मलाही कळायचं. पण कळशी सांडायच्या नेमकं आधी त्यांना कळे, आणि त्या दिवसांत ओंजळभर सांडलेलं पाणीही शेजारी महिनाभर लक्षात ठेवत.

तर पियानो.

नवा जिल्हा म्हणून एक इंजिनिअर बदलून आले होते. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी पुण्याच्या. येताना त्यांनी ट्रकातून माहेरचा पियानो आणला. सरकारी बंगल्याचं दार त्याच्याहून वीतभर लहान निघालं. साहेब इंजिनिअर असूनही दार काही मोठं करू शकले नाहीत, कारण त्याला वरून मंजुरी लागायची. पियानो व्हरांड्यातच राहिला. वहिनी दुपारी, रस्त्यावर कुणी नसेल तेव्हा, हळूच वाजवायच्या.

बाई आणि मी शाळेतून परतत होतो. आवाज ऐकून बाई सरळ फाटक उघडून आत गेल्या. कडी वाजताच पियानो थांबला.

"कोण वाजवून राहिलंय?"

"मी," वहिनी घाबरून उठल्या. "त्रास झाला का आपल्याला?"

"मधी का थांबल्या?"

"कडी वाजली म्हणून."

"कडीला थांबू द्या की. तुम्ही कामून थांबता? बसा. जिथं सोडलं तिथून."

आणि वहिनी खरोखर बसल्या. पुण्याहून इतक्या लांब येऊन त्यांना पहिल्यांदाच कुणी हक्कानं रागावलं होतं. नंतर त्या मला म्हणाल्या, "मला एकदम आपल्या घरी आल्यासारखं वाटलं हो."

तिसरे आले रहीमचाचा. ते पिंजारी. आमच्या गाद्या तेच पिंजायचे. कमानीची तात कापसावर टणटण वाजवत असताना बाईंनी त्यांना हटकलं होतं, की चाचा, तुमची तात उतरली. चाचा म्हणाले, "तात का क्या करना बाई, मैं दिलरुबा बजाता." बाईंनी कापूस तसाच ठेवायला लावला आणि त्यांचा गजानं वाजणारा दिलरुबा मागवला. माझी गादी आठ दिवस अंगणात मोकळी पडून होती.

असे तिघं जमले. व्हायोलिन, दिलरुबा, पियानो. पियानोला सूर फिरवता येत नाही, आणि लातूरच्या उन्हानं तो बराच उतरला होता, तेव्हा बाकीचे दोघं त्याच्यापर्यंत उतरले. चौथी मी. मला सूर कळत नव्हता. माझं काम वहिनींच्या वहीची पानं उलटायचं आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे लावायचं. बाई सगळ्यांना सांगत, "आमच्या गणितबाई चिमटा वाजवतात."

बंगल्याच्या भिंतीला लागून नवी बाग होती. जिल्ह्याला बाग हवी म्हणून साहेबांनी ती मोठ्या हौसेनं बांधून घेतलेली. गवत लावलं, ते दोन महिन्यांत जळलं. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी तेवढी टिकली, आणि माळी इतका इमानी, की तो लोकांना मातीवरूनही चालू देत नसे. मधोमध कारंजं. गोल, रुंद, कमरेएवढ्या कठड्याचं. त्यात पाण्याचा थेंब कधी पडला नव्हता.

बाई एका रविवारी कठड्यावरून साडी सावरत आत उतरल्या आणि टाळी वाजवली. मग कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या.

"आवाज गोळा होतोय हितं," त्या म्हणाल्या. "पियानो आणा."

गंजातले, म्हणजे धान्यबाजारातले, चार हमाल बोलावले. फळ्या टाकून, दोर बांधून त्यांनी पियानो कारंज्यात उतरवला. मुकादम कपाळाचा घाम निपटत म्हणाला, "बाई, तुरीचं पोतं परवडलं. ते पाठीला चिकटून बसतंय. ह्यो पेटारा नुसता अंगावर यितो. आता वर काढायचा झाला तर दुसऱ्या गावाचे हमाल बघा."

म्हणून तो तिथंच राहिला, ताडपत्रीखाली. माळ्यानं शंका काढली, "पाऊस आला तर भिजंल की ओ."

"पाऊस येऊ दे," बाई म्हणाल्या. "पेढे वाटीन आधी. पियानो मंग पुसू."

आमचा पहिला कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. श्रोते दोन. माळी, आणि बाकावर झोपलेला एक माणूस, जो टाळ्यांनी जागा होऊन रागावून निघून गेला. टाळ्या मीच वाजवल्या होत्या. दुसरी गत अर्ध्यावर आली असताना बागेच्या फाटकाशी टँकर आला आणि आख्खी गल्ली घागरी, डबे, हंडे घेऊन धावली. रांग लागली ती कारंज्याच्या कठड्याला वळसा घालून. रांगेत भांडण सुरू झालं. भांडणाची म्होरकी चंद्राबाई म्हणून होती, भाजी विकायची, आवाज असा की टँकरच्या भोंग्यानं लाजावं.

"ओ बाई!" ती कारंज्यात वाकून ओरडली. "बंद करा ते! नंबर ऐकू येईना!"

बाई वाजवतच म्हणाल्या, "काळी पाच."

"क्काय?"

"तुझी पट्टी. काळी पाच. एवढी खणखणीत सहसा न्हाई सापडत. जप तिला."

आपल्याला शिवी दिली की मान दिला, हे चंद्राबाईला ठरवता येईना, आणि तेवढ्यात तिचा नंबर आला. पुढच्या रविवारी ती घागर ठेवून कठड्यावर बसली आणि म्हणाली, "काळी पाचचं काहीतरी वाजवा."

मग तो रिवाजच पडला. टँकर येण्याआधी आम्ही, टँकरबरोबर श्रोते. रांगेतलं भांडण द्रुत लयीत चढलं की बाई मुद्दाम विलंबितात जायच्या, आणि बायका नकळत हळू भांडायच्या. शेवटची घागर भरली की भैरवी. भैरवी म्हणजे कार्यक्रम संपला, हे चंद्राबाईलाही पाठ झालं होतं. रांगेत मागून कुणी घुसलं की ती दरडावी, "भैरवी व्हायचीय अजून! दम धर!" त्या दोन-तीन महिन्यांत मी गिरिजाबाईंना जितकं खुशीत पाहिलं तितकं पुन्हा पाहिलं नाही. घरी येऊन पाय पसरून बसायच्या आणि म्हणायच्या, "गणितबाई, आपल्याला लोक ऐकून राहिलेत."

आणि मुंबईचे पाहुणे येणार असं ठरलं.

पाहुणे मोठे होते. नवा जिल्हा बघायला येणार होते, आणि त्यांच्या हातून कारंजं सुरू व्हायचं होतं. इंजिनिअरसाहेब वाईट माणूस नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी ते स्वतः आमच्या घरी आले, चप्पल बाहेर काढून बसले.

"बाई, रविवारी पियानो काढावा लागेल. कारंजं भरायचंय."

"भरा की. पाणी कुठलं?"

"टँकर सांगितलाय."

"कोन्ता?"

साहेबांनी चहाच्या कपात बघितलं. "रविवारचाच."

बाहेर कुणाची तरी रिकामी बादली वाऱ्यानं लोळत होती, तेवढाच आवाज.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बाई. वरून हुकूम आहे. मी तरी काय करू?"

"घागरीला बी एकाच दिवसाचा प्रश्न असतोय, साहेब," बाई म्हणाल्या. पण भांडल्या नाहीत. साहेब निघाले तेव्हा नमस्कार केला, आणि मला वाटलं, विषय संपला.

रविवारी त्यांनी मला उजाडताच उठवलं. "चिमटे घे."

"एवढ्या लवकर?"

"ऊन लागतंय मागून."

बागेत पोचलो तर रहीमचाचा दिलरुबा लावत बसलेले. सुलभावहिनी बंगल्याच्या बाजूनं आल्या. केस नीट विंचरलेले, चेहरा पांढरा. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या कारंज्यात उतरल्या, ताडपत्री काढली, स्टुलावर बसल्या. बाईंनी गज उचलला.

थोड्या वेळानं हमाल आले, दोर-फळ्या घेऊन. अखेर तेच आले होते, दुसऱ्या गावाचे कोण येणार? मुकादमानं आत डोकावलं, पटका काढला आणि स्वतः कठड्यावर टेकला. "वाजवणं झालं की उचलू," तो बाकीच्यांना म्हणाला. ते चौघंही टेकले.

मग टँकर आला. टँकरमागं घागरी आल्या. आज पाणी कारंज्यात जाणार हे गल्लीला कळलं होतं, तरी बायका आल्या होत्या आणि गप्प उभ्या होत्या. त्या बायका गप्प उभ्या राहिलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. चंद्राबाईसुद्धा डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन नुसती बघत होती.

शेवटी साहेब आले. कठड्यापाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, आता पुरे."

बाई म्हणाल्या, "साहेब, राग चालू हाय. मधी उठता येत न्हाई."

"कधी संपेल?"

"रागाला काय सांगता यितंय?"

साहेब वळसा घालून पियानोच्या बाजूला गेले. "सुलभा, ऊठ. लोक बघतायत."

वहिनींचे हात चालूच होते. वही शेवटच्या पानावर आली होती, पुढं काही नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पान उलटा ना."

मी वही पहिल्या पानावर आणली आणि चिमटा लावला. चिमटा दोनदा निसटला.

ऊन चढलं. रहीमचाचा घाम पुसायला दिलरुबा खाली ठेवू शकत नव्हते, म्हणून माळी त्यांचं तोंड उपरण्यानं पुसत होता. चाचांनी बाईंकडं झुकून विचारलं, "बाई, भैरवी?"

"नक्को."

टँकरचा ड्रायव्हर वैतागला होता. त्यानं साहेबांना गाठलं. "साहेब, सोडू का पाणी?"

"कुठं सोडतोस? माणसं बसलीत आत!"

"मला पुढची खेप हाय. टँकर भरला घेऊन जाऊ का परत? वर काय सांगू?"

साहेबांनी घड्याळ बघितलं, कारंजं बघितलं, बायको बघितली. ड्रायव्हर त्यांच्या तोंडाकडं जरा वेळ बघत राहिला. मग गेला आणि तोटी सोडली.

त्या दिवशी रांगेत भांडण झालं नाही. घागरीमागून घागर भरत गेली. दोनदा चाचांनी भैरवीचं विचारलं, दोनदा बाईंनी मान हलवली. सकाळचे राग संपले, मग रात्रीचे भूप, दुर्गाही झाले, वहिनींच्या वहीतली विलायती गत तिसऱ्यांदा झाली. बाईंच्या डाव्या हाताच्या बोटाला तारेनं कापलं होतं आणि रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत आला होता. मी पदर पुढं केला, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. मग ड्रायव्हरनं टँकरवर थाप मारली. धम्म करून पोकळ आवाज आला. रिकामा.

बाईंनी भैरवी सुरू केली.

ती संपली तेव्हा साहेब कठड्यावर डोकं धरून बसले होते. वहिनी उठून त्यांच्याजवळ गेल्या. तेवढ्यात चंद्राबाई आली, घागरीतून तांब्या भरून साहेबांपुढं धरला.

"घ्या साहेब. तुमचंच हाय."

साहेब प्यायले. गटागटा, सगळा. आणि मग त्यांना हसू आलं. इतकं, की पाणी नाकात गेलं आणि वहिनींना त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं.

पाहुणे दुपारी आले, तीन तास उशिरा. हमाल पियानोला दोर बांधत होते. पाहुण्यांनी इकडंतिकडं बघत विचारलं, "कारंजं कुठंय?"

"हे काय, साहेब. थोडी तांत्रिक अडचण आली," साहेब म्हणाले.

पाहुण्यांनी कारंज्यातला पियानो, व्हायोलिन, पिंजारी आणि विभूती लावलेल्या बाई असं सगळं नीट पाहून घेतलं. "हीच का ती अडचण?"

"हाव," बाई खालून म्हणाल्या. "बसा. काय ऐकणार?"

पाहुण्यांना वेळ नव्हता. ते पुढच्या उद्घाटनाला गेले.

पण अशा गोष्टी तिथंच मिटत नाहीत. पावसाळ्याआधी साहेबांची बदली हिमायतनगरला झाली. शाळेच्या कमिटीनं बाईंना बोलावून माफी लिहून मागितली. बाई म्हणाल्या, "काय केलं म्हणून लिहू? वाजवलं म्हणून?" कमिटीलाही ते वाक्य कसं लिहावं हे सुचेना, तेव्हा त्यांनी बाईंची रवानगी लातूरजवळच्या मुरुडच्या शाखेत केली.

पियानो गेला त्या दिवशी बाई बंगल्यावर गेल्या. ट्रकवाल्याला दोर कुठं बांधायचा हे सांगताना त्याच्याशी भांडल्या. वहिनींच्या हातात कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीचं गाठोडं दिलं. वहिनी रडायला लागल्या.

"रडू नका," बाई म्हणाल्या. "डोळं भरलं की कान बसतात."

ट्रक वळला, तरी बाई बराच वेळ रस्त्यातच उभ्या होत्या. मग घरी आलो. मी मोरीत कळशी लावली. ती भरून वाहायला लागली, तरी आतून आवाज आला नाही.

त्यानंतर त्या मुरुडला आणि मी काही वर्षांनी परत नांदेडला. मुरुडला त्यांनी पोरींचा एक वाद्यवृंद केला आणि बाजाराच्या दिवशी चौकात बसवला, असं कानावर यायचं. वहिनींची दिवाळीला खुशाली यायची. रहीमचाचा वारले तेव्हा बाई लातूरला जाऊन त्यांच्या घरी तीन दिवस राहिल्या होत्या, हेही नंतर कळलं.

शेवटची भेट नांदेडची. बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडं आल्या होत्या. साठी उलटली होती. डोळ्यांवर दवाखान्यानं दिलेला जाड काळा चष्मा. परत जायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, काही बघायचंय का? त्या म्हणाल्या, "तुमच्या विष्णुपुरीला पाणी हाय म्हणतेत." आम्ही दुपारी रिक्षानं गेलो. धरण भरलेलं होतं. गोदावरी या काठापासून त्या काठापर्यंत पसरली होती आणि जवळजवळ हलत नव्हती.

बाई बघत राहिल्या. मग चपला काढून माझ्या हातात दिल्या.

"बाई, डॉक्टरांनी पाण्यात जायचं नाही सांगितलंय."

"डोळ्याला सांगितलंय. पायाला न्हाई."

त्या उतरल्या. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. रिक्षावाल्यानं घाई केली म्हणून मी त्याला थांबवायला वर गेले. वरून मागं वळून पाहिलं तेव्हा बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. खळीची साडी दोन्ही हातांनी वर धरलेली, काळा चष्मा आभाळाकडं. जवळ धुणं धूत असलेल्या बाईला काहीतरी सांगत होत्या, आणि ती अनोळखी बाई पिळा हातात तसाच धरून, धुणं विसरून, त्यांच्याकडं बघत पोट धरून हसत होती. त्या काय सांगत होत्या ते मला वरून ऐकू आलं नाही.